अडीच टक्के कुठून आले आणि बाकीचं कुठे गेलं

तुम्ही जालन्याचे, अर्थशास्त्राच्या एम.ए.ला आहात आणि तुमची अडचण अशी : राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात ‘वीज, वायू, पाणीपुरवठा व इतर उपयुक्तता सेवा’ या रकान्याचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि पाठ्यपुस्तकात मात्र ऊर्जा क्षेत्राला अर्थव्यवस्थेचा कणा म्हटलेलं असतं. दोन्हींपैकी खरं काय, की कणा वगैरे फक्त भाषणापुरतं, असं तुम्ही विचारलंय.

शंका रास्त आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. राज्यात वीज वितरणाच्या कामात ३४ वर्षं काढली. सुरुवात सांगली जिल्ह्यात कनिष्ठ अभियंता म्हणून, मधली वर्षं इचलकरंजीच्या यंत्रमाग पट्ट्यात आणि शेवटची काही वर्षं दरनिश्चितीच्या याचिकांचे तक्ते भरण्यात. त्यामुळे मी जे सांगेन ते खांबाच्या बाजूने आणि बिलाच्या बाजूने असेल. तुमच्या प्राध्यापकांना ते सगळं पटेलच असं नाही.

आधी तो अडीचचा आकडा. तो खोटा नाही, पण तो काय मोजतो ते बघा. राष्ट्रीय उत्पन्नात मूल्यवर्धन मोजतात. वीज कंपनीने ग्राहकाकडून १०० रुपये घेतले आणि त्यातले बरेचसे कोळशाला, रेल्वेच्या भाड्याला, बाहेरून घेतलेल्या सेवांना गेले, तर ते वजा होतात. पगार, व्याज, घसारा आणि उरलाच तर नफा, एवढंच त्या रकान्यात येतं. कोळसा जातो ‘खाणकामा’त. मुंबई हायचं तेलही तिकडेच. तेलशुद्धीकरण कारखाने ‘वस्तुनिर्माणा’त, पेट्रोल पंप ‘व्यापारा’त, टँकर ‘वाहतुकी’त. म्हणजे ज्याला आपण बोलताना ऊर्जा क्षेत्र म्हणतो, ते तक्त्यात चार-पाच घरांत वाटून दिलेलं आहे. आणखी एक गंमत : वीज तोट्यात विकली तर त्या रकान्यातलं मूल्यवर्धन आकसतं. शेजाऱ्याला दूध फुकट देणाऱ्या गवळ्याचं उत्पन्न कमी दिसावं तसं. त्या दुधावर शेजाऱ्याची पोरं वाढली, हे गवळ्याच्या वहीत कुठे येणार?

मग हे सगळे तुकडे गोळा करून बेरीज केली की उत्तर मिळेल का? माझ्या मते नाही. बेरीज वाढेल, पण तुमचा प्रश्न तसाच राहील. कारण खरा प्रश्न वाट्याचा नाहीच. ऊर्जा क्षेत्र किती कमावतं हे एक मोजमाप झालं; ते थांबलं तर काय काय थांबतं आणि ते महागलं तर कुणाकुणाचं गणित बिघडतं, हे दुसरं. पहिलं तक्त्यात सापडतं. दुसरं मला नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात सापडलं.

एप्रिल महिना, सगळीकडे उभा ऊस. १०० केव्हीएचं एक रोहित्र जळालं. गावात त्याला डीपी जळाली म्हणतात. अशा एका रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे वीसेक पंप असतात आणि त्या पंपांवर चाळीस-पन्नास एकर भिजतं. दुसरं रोहित्र यायला बारा दिवस लागणार होते. पाचव्या दिवशी लोकांनी वर्गणी काढली, जळालेलं धूड ट्रॅक्टरवर घातलं आणि थेट दुरुस्तीच्या कारखान्यात नेलं. नियमात बसत नव्हतं, मी डोळेझाक केली. त्या वीस पंपांचं वर्षभराचं एकत्र बिल आणि त्या उसाची किंमत शेजारी मांडली, तर बिल दिसणारसुद्धा नाही. पण पंधरा दिवस पाणी चुकलं असतं तर त्या वर्षीच्या उताऱ्यावर, कारखान्याच्या गाळपावर, तोडणी टोळीच्या मजुरीवर आणि सोसायटीच्या कर्जवसुलीवर परिणाम झाला असता. आमच्या दप्तरी नोंद काय? ‘पुरवठा खंडित, अमुक दिवस, महसुली नुकसान अमुक रुपये.’ महसुली नुकसान म्हणजे आमचं. बाकीच्यांचं नुकसान लिहायला रकानाच नव्हता.

इचलकरंजीत हेच जास्त मोठ्या मापाने पाहिलं. २००५ नंतरची तीन-चार वर्षं महाराष्ट्रात विजेची तूट एवढी होती की संध्याकाळच्या मागणीच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉट कमी पडायचे. मग भारनियमन. साधा यंत्रमाग एक अश्वशक्तीच्या मोटरवर चालतो, आठ तासांच्या पाळीत पाच-सहा युनिटं खातो. खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. त्याला पैसे पिकावर मिळतात, म्हणजे किती आडवे धागे पडले त्यावर. माग थांबला की पिक थांबला. वीज अचानक गेली तर कापडात त्या जागी आडवी खूण राहते, त्याची कपात वेगळी. माग चालवणारा, कांड्या भरणाऱ्या बायका, माग दुरुस्त करणारा जॉबर, सुताला खळ लावणारा सायझिंगवाला, टेम्पोवाला, सगळे त्या पाच-सहा युनिटांच्या मागे रांगेत उभे. लोडशेडिंगच्या वेळी मी उपकेंद्रात बसून फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणारी वाहिनी, बंद करायचो. कागदावर ती ‘वाचवलेली’ वीज असायची. चार तासांनी फीडर चालू केला की रात्रपाळीच्या मजुराचा अर्धा रोज गेलेला असायचा.

या ठिकाणी लोक एक चूक करतात, तुमच्याही प्रश्नात ती डोकावते. ऊर्जेचा खर्चातला वाटा लहान म्हणजे ती कमी महत्त्वाची, असं धरून चालतात. मुळात तो वाटा लहान आहे कारण बहुतेक वेळा वीज मिळते आणि परवडते. ती मिळेनाशी झाली की तिची खरी किंमत दिसते. ती किंमत लोक स्वतःच सांगतात, फक्त बघायला हवं. पुण्यात २००६ साली एक प्रयोग झाला. शहराची तूट शंभर मेगावॉटच्या आतली होती. उद्योगांकडे स्वतःचे डिझेल संच पडून होते. उद्योगांच्या संघटनेने पुढाकार घेतला, वीज नियामक आयोगाने परवानगी दिली. मागणीच्या वेळी कारखान्यांनी आपले संच चालवायचे, ग्रिडची, म्हणजे सामाईक वीज जाळ्याची, तेवढी वीज शहरासाठी सोडायची आणि डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून थोड्या जादा आकाराने वसूल करायचा. पुणं भारनियमनमुक्त झालं. डिझेलची वीज तेव्हा ग्रिडच्या विजेपेक्षा दुप्पट-अडीचपट महाग होती आणि तरी ती घेणं परवडत होतं. विजेचं मोल दरपत्रकातल्या आकड्याच्या कितीतरी वर आहे, याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही. (याची दुसरी बाजूही लिहून ठेवा. ज्या गावांना असा जादा आकार देणं परवडत नव्हतं, तिथे बारा-बारा तास अंधार तसाच राहिला.)

मोठ्या ब्लॅकआउटची उदाहरणं तुम्हाला पुस्तकात मिळतीलच. ३१ जुलै २०१२ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड कोसळले, साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. बातम्या अशाच घटनांच्या होतात. पण माझ्या अनुभवात एक दिवसाचा मोठा अंधार अर्थव्यवस्था पचवते. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी भरून काढते. रोजचा चार तासांचा अंधार पाच वर्षं चालला तर माणसं निर्णय बदलतात. नवीन माग घ्यायचा तो घेत नाहीत. भट्टी टाकायची ती दुसऱ्या राज्यात टाकतात. मुलगा धंद्यात येणार होता, तो पुण्याला नोकरी शोधतो. हे नुकसान कुठल्याच आकडेवारीत येत नाही, कारण जे झालंच नाही ते मोजणार कसं?

तुमच्या जालन्याचंच घ्या. तिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून सळ्या बनतात. इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण सहाशे युनिट लागतात. भंगाराची किंमत सोडली तर विजेचं बिल हाच सर्वांत मोठा खर्च. युनिटमागे ५० पैशांचा फरक म्हणजे टनामागे ३०० रुपये. या धंद्यात पुष्कळदा नफाच तेवढा असतो. रायपूरकडच्या भट्ट्यांना वीज स्वस्त मिळाली की जालन्यातल्या रात्रपाळ्या कमी होतात. म्हणूनच विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत द्यावी लागली. अॅल्युमिनियमचं तर विचारूच नका. एक टन धातूला १४,००० युनिटांच्या आसपास वीज लागते. जिथे स्वस्त वीज तिथेच तो कारखाना. म्हणजे कोणता उद्योग देशात कुठे बसणार, हे ठरवण्यात विजेचा हात असतो. आपल्याकडे हे शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. मुंबईच्या गिरण्या दुरून आणलेल्या कोळशावर चालत होत्या, तेव्हा टाटांनी लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवलं आणि १९१५ साली खोपोलीतून मुंबईला वीज आली. भिवपुरी १९२२, भिरा १९२७. गिरण्यांना वीज मिळाली आणि टाटांच्या मुळशी धरणात तिथल्या मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो त्यासाठीच. ऊर्जेचा राष्ट्रीय हिशेब मांडताना हा दुसरा भाग गाळू नका. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्राची वीज राज्यभर जाते, राख मात्र चंद्रपुरातच राहते.

आता एक बाजू जी वितरणात बसून मला उशिरा कळली : तेल. विजेचा प्रश्न बहुतांशी देशातल्या कोळशावर सुटतो. १०० युनिटांतली सत्तरेक कोळशाची असतात, आणि २०२४-२५मध्ये देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं. तेलाचं तसं नाही. कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं आणि पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. २०२०-२१मध्ये आपण साधारण १९.६ कोटी टन कच्चं तेल आणलं, बिल झालं ६२ अब्ज डॉलर. २०२२-२३मध्ये २३ कोटी टनांच्या आसपास आणलं, बिल १५७ अब्ज. माल वाढला पंचमांशापेक्षा कमी, बिल झालं अडीचपट. यात कुणा भारतीयाची चूक नव्हती. कोविडमध्ये पडलेले तेलाचे भाव पुन्हा चढले आणि त्यात युक्रेनमध्ये युद्ध झालं, एवढंच. १९९० साली इराकने कुवेतवर हल्ला केल्यावर असंच झालं होतं. गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि जुलै १९९१मध्ये रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवावं लागलं. १९९१च्या आर्थिक सुधारणांवर तुम्ही बरंच वाचलं असेल. त्या संकटाच्या तळाशी सरकारी तूट, वाढलेलं कर्ज अशी इतर कारणं होतीच, पण शेवटचा धक्का तेलाने दिला. त्याआधी १९७४ साली मुंबई हायला तेल लागलं आणि १९७६पासून उत्पादन सुरू झालं, त्याची किंमतही अशाच हिशेबात करायला हवी. ते तेल कितीचं विकलं गेलं याबरोबर किती डॉलर वाचले तेही बघायचं.

सरकारी तिजोरीचा भाग तर उघडच आहे, त्यावर फार रेंगाळत नाही. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत नाही, वीजही नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्यांचा व्हॅट, स्वामित्वधन (रॉयल्टी), लाभांश सगळं धरून पेट्रोलियम क्षेत्रातून केंद्र आणि राज्यांना मिळून वर्षाला सात लाख कोटींच्या वर रक्कम जाते. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने निम्मा कोळसा असतो, आणि मालवाहतुकीच्या कमाईवर प्रवासी भाडं कमी ठेवलं जातं. म्हणजे तुम्ही जालन्याहून मुंबईला स्लीपरने स्वस्तात जाता, त्यातला थोडा भार कोळशाच्या वाघिणी वाहतात.

मला रेंगाळायचंय ते पुढच्या मुद्द्यावर, कारण तिथे माझी हयात गेली. वीज क्षेत्र ही आपल्या देशात उत्पन्न इकडून तिकडे सरकवणारी एक मोठी यंत्रणा आहे. उद्योग आणि दुकानदार खर्चापेक्षा जास्त दर देतात, शेतीपंप आणि गरीब घरं कमी देतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही की राज्य सरकार अनुदान देतं. २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, चव्वेचाळीस लाखांच्या आसपास शेतकरी त्यात येतात. या धोरणावर गावात आणि शहरात दोन टोकाची मतं मिळतील. माझं मत मधलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही.

शेतकऱ्याला स्वस्त वीज दिली म्हणून वीज क्षेत्र बुडालं, हे अर्धंच सत्य. असंख्य पंपांना मीटर नव्हते, असलेले बंद होते. त्यांचा वापर अंदाजाने लावला जायचा, आणि अंदाज लावणारे आम्हीच. आता निवृत्त आहे म्हणून सांगतो : शहरातली चोरी, तारांवर आकडे टाकून वीज घेणाऱ्या वस्त्या, जुन्या तारांची गळती, यातलं जे कुठेच बसत नसे ते शेतीच्या रकान्यात आरामात बसायचं. गळती कमी दिसायची आणि शेतीचा वापर फुगलेला. त्या फुगलेल्या वापरावर अनुदान मागितलं जायचं. मी स्वतः असे तक्ते भरले आहेत. ते भरताना मला काही फार वाईट वाटत होतं, असंही नाही. सगळे तसेच भरत. तेव्हा शेतीला वीज किती जाते याचा कोणताही आकडा उद्धृत करण्याआधी तो मीटरवरून आलाय की अंदाजावरून, हे तपासा.

दुसरी गोष्ट, शेतकऱ्याला मिळालेली वीज स्वस्त होती, पण कशी मिळाली? आठवड्यातले काही दिवस रात्री, थ्री फेज आठ तास. रात्री अकराला पाणी द्यायला उसात शिरायचं, हातात बॅटरी, साप आणि आता बिबटे. ही मजुरी कुठल्याच उत्पन्नात धरलेली नाही. आणि वीज कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे लोक पंपाला ऑटो स्विच लावून ठेवत. वीज आली की पंप आपोआप चालू, पाणी वाहतंय वाहू दे. सगळे पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर भार, की पुन्हा डीपी जळाली. फुकट पण बेभरवशाच्या विजेपेक्षा थोडी महाग पण दिवसा ठरल्या वेळी येणारी वीज बहुतेक शेतकरी घेतील, असं माझं ३४ वर्षांचं निरीक्षण आहे. सौर ऊर्जेवर शेतीचे फीडर दिवसा चालवण्याची सध्याची योजना मला म्हणूनच योग्य दिशेची वाटते. अंमलबजावणी गावागणिक वेगळी आहे, ते आलंच.

आता पैशाची दुसरी बाजू, भांडवल. वीज प्रकल्प म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचं लग्न. कारखान्याने चुकीचं यंत्र घेतलं तर विकून मोकळा होतो. राज्याने चुकीचा वीज करार केला तर एक पिढी फेडते. दाभोळच्या वीज प्रकल्पाचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर १९९३ साली करार झाला, १९९५ला रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या, १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१मध्ये सगळं बंद पडलं. त्यातला कळीचा मुद्दा तुमच्या विषयाशी जोडलेला आहे. वीज घ्या न घ्या, ठरलेला स्थिर आकार द्यायचाच होता. त्यात इंधन नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणारं, आणि दर डॉलरशी बांधलेले. रुपया घसरला, नाफ्था महागला, आणि महाग म्हणून वीज कमी उचलली की युनिटमागे स्थिर आकार आणखी वाढायचा. मागणी वाढेल हा अंदाज थोडा चुकला तर काय होतं ते महाराष्ट्राने अनुभवलं. त्यानंतरची काही वर्षं राज्य भरवशाचे नवे प्रकल्प उभे करायला कचरलं, आणि २००५ नंतरचं भारनियमन काही अंशी त्या कचरण्याचंच फळ होतं. मग पुढच्या दशकात देशभर उलटं झालं. खासगी औष्णिक प्रकल्प धडाधड उभे राहिले; मागणी तेवढी आली नाही, कुणाला कोळसा मिळाला नाही, कुणाला वीज खरेदीचा करार. बँकांच्या बुडीत कर्जांत वीज प्रकल्प ठळक होते. म्हणजे तुमच्या त्या अडीच टक्क्यांच्या क्षेत्राने बँका हलवल्या, आणि बँका हलल्या की छोट्या उद्योजकाला कर्ज मिळणं अवघड होतं.

तारांबद्दल पुस्तकात फार नसतं म्हणून एक तारीख देतो : ३१ डिसेंबर २०१३. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालावर आला. त्याआधी पश्चिमेला वीज शिल्लक आणि दक्षिणेत टंचाई, असं एकाच वेळी असलं तरी पुरेशी वीज पलीकडे नेता येत नव्हती. विजेच्या घाऊक बाजारात एकाच दिवशी दोन भागांत दोन भाव निघायचे. देश एक बाजारपेठ आहे असं आपण म्हणतो; विजेपुरता तो खऱ्या अर्थाने एक झाला तो तेव्हा, सोलापूरच्या एका उपकेंद्रात.

परिस्थितीप्रमाणे काय बदलतं तेही सांगायला हवं, नाहीतर माझं उत्तर सगळ्या देशांना लावाल. कुवेत किंवा सौदी अरेबियात ऊर्जा क्षेत्राचा वाटा प्रचंड असतो, कारण तिथे ते उत्पन्नाचं साधनच आहे. तिथला प्रश्न वेगळा : तेलाच्या पैशामुळे बाकी उद्योग वाढत नाहीत आणि भाव पडला की अंदाजपत्रक कोसळतं. नॉर्वेने तो पैसा बाजूला काढून भावी पिढ्यांसाठी निधी केला, म्हणून त्याची गोष्ट निराळी. भारतासारख्या आयात करणाऱ्या देशात ऊर्जा हा कच्चा माल आहे. इथे ऊर्जा क्षेत्राचा वाटा अचानक वाढलेला दिसला तर आनंद मानण्याआधी बघा की वीज जास्त वापरली गेली की नुसती महागली. श्रीलंकेत २०२२ साली डॉलर संपले, पेट्रोलच्या रांगा लागल्या, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. इंधन हा तिथल्या अर्थव्यवस्थेचा किती टक्के भाग होता, हा प्रश्न त्या रांगेत कुणी विचारला नाही.

आणखी एक सावधगिरी. वीज वापर वाढला की विकास होतो की विकास झाला की वीज वापर वाढतो, यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. मी पाहिलंय ते असं की दोन्ही खरं आहे, जागा वेगळ्या. गावठाण फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे केले, गावाला दिवसभर वीज मिळू लागली, तेव्हा काही गावांत वर्षभरात पिठाच्या गिरण्या, झेरॉक्स, वेल्डिंग, दूध शीतकरण असं उभं राहिलं. शेजारच्याच दुसऱ्या गावात काही झालं नाही. तिथे रस्ता नव्हता, बाजार लांब होता. तिथे विजेने टीव्ही चालले, एवढंच. वीज मार्ग मोकळा करते, चालायचं कुणी आणि कुठे हे ती ठरवत नाही. देशात माणशी वीज वापर २०२३-२४मध्ये १,३९५ युनिटं होता, जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त. ही दरी भरली की आपण आपोआप श्रीमंत होऊ असं समजू नका. पण ती न भरता श्रीमंत झालेला मोठा देश मला तरी माहीत नाही.

तर निबंधात तुम्हाला भूमिका घ्यायचीच असेल तर माझी अशी असेल : अडीच टक्के हा आकडा बरोबर आहे आणि कण्याची उपमाही फार चुकीची नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. फक्त उपमा देऊन थांबू नका; कुठला उद्योग, कुठल्या दराने, कुणाच्या खर्चाने, किती तास, असे आकडे घाला.

आणि सुरुवात घरातूनच करा. वीजबिल उघडून बघा. त्यात स्थिर आकार आहे : उभ्या केलेल्या यंत्रणेचा हप्ता, वापरा न वापरा, दाभोळचं भांडण याच प्रकारच्या ओळीवरचं. वहन आकार आहे : वीज तुमच्या दारापर्यंत आणणाऱ्या वितरणाच्या तारांचा. इंधन समायोजन आकार कधी असतो, कधी नसतो. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की काही महिन्यांनी तो तिथे उगवतो. शेवटी वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला १६ टक्के, ते सरळ राज्याच्या तिजोरीत. आता ओळखीच्या एखाद्या भट्टीवाल्याकडे त्याचं बिल मागा. त्याच्या दरात आणि तुमच्या दरात जो फरक दिसेल त्यात क्रॉस सबसिडी आहे. शिवाय त्याच्या बिलात टीओडीची एक ओळ असेल, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी वीज वापरली त्यावर दर. त्याला विचारा की भट्टी तो आता कोणत्या वेळेला चालवतो आणि दहा वर्षांपूर्वी कोणत्या वेळेला चालवायचा. दुपारी सौर वीज भरपूर आणि संध्याकाळी टंचाई, हे देशाचं नवं गणित त्याच्या पाळ्यांच्या वेळापत्रकात आधीच उतरलेलं असेल. बिल मिळालं तर नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून मला दाखवा, ओळीओळीने बसून बघू.